घरची कार्ये आणि जमिनीचे वर्ष : दोन्ही एकाच दिनदर्शिकेत बसवता येतील का?

कातळवाट (धागाकर्ता)
राजापूर तालुक्यात आमच्या चार घरांची मिळून साडेपाच एकर सामाईक जमीन आहे. सातबारावर आता अकरा नावे आहेत आणि त्यांपैकी गावात राहणारे कोणीही नाही. निम्म्याहून अधिक जमीन वरकस (हलकी, उताराची) आणि कातळ आहे. उरलेल्या भागात आजोबांनी लावलेली हापूसची कलमे, नव्वदच्या दशकात रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून लावलेले काजू, व्हाळाकाठचा (ओढ्याकाठचा) एक मळा आणि हद्दीवरचे जुने रायवळ आंबे, किंजळ आणि ऐन आहेत.

गेले वर्षभर आम्ही एक प्रयोग केला, त्यावर इथल्या जाणकारांची मते हवी आहेत. चाकरमानी माणूस कोकणात तीन वेळा जातो : गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात. या तिन्ही वेळा माणसांच्या सोयीच्या आहेत, जमिनीच्या नव्हेत. गणपतीत पाऊस बाहेरचे काम करू देत नाही. शिमग्यापर्यंत गवत वाळून खडखडीत झालेले असते आणि वणवा अडवण्यासाठी हद्दीवरचे गवत काढून पट्टी मारण्याची वेळ केव्हाच निघून गेलेली असते. मे महिन्यात आपण जातो ते आंबे खायला. जमिनीला माणसे हवी असतात ती जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, पाऊस ओसरल्यावर बेणणीला (बागेतले गवत-झुडपे तोडायला) आणि मार्गशीर्षात, आणि नेमक्या त्याच वेळी आमच्या घराला कुलूप असते.

म्हणून आम्ही असे ठरवले की ज्या कार्याला शाळेच्या सुटीची किंवा ठरावीक मुहूर्ताची सक्ती नाही, ते गावच्या घरी आणि जमिनीच्या वेळेला करायचे. पुतणीच्या मुलीचा पहिला वाढदिवस शाळा सुरू होण्याआधी, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गावी केला आणि त्याच मुक्कामात काजूची नवी कलमे लावली. वडिलांचे सहस्रचंद्रदर्शन ऐंशी पूर्ण झाल्यावर सोयीने करतात, ते मार्गशीर्षात केले आणि कार्याला आलेल्या मंडळींनी मागे थांबून हद्दीची पट्टी काढली. मुलांसाठी प्रत्येक मुक्कामात एक दिवस भटकंतीचा राखला. जूनमध्ये सड्यावरची (कातळाच्या पठारावरची) दीपकाडीची पांढरी फुले पाहिली आणि डिसेंबरमध्ये कशेळीचा कातळात कोरलेला हत्ती. मुंज मात्र पुण्यात मे महिन्यातच झाली, तिथे आमचे कोणी ऐकले नाही.

प्रश्न असा आहे की हे पहिल्या वर्षाच्या उत्साहावर चालले, पुढे टिकेल का? तुमच्यापैकी कोणी असे काही केले आहे का?

येळवसकर
तुम्ही प्रयोग म्हणता ते आमच्याकडे लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या काही भागांत पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. मार्गशीर्ष अमावास्येला आम्ही वेळा अमावास्या, म्हणजे बोलीत येळवस साजरी करतो. त्या दिवशी अख्खे लातूर शहर ओस पडते, जिल्हाधिकारी स्थानिक सुटी जाहीर करतात आणि ज्यांचे शेत नाही त्यांनाही कोणाच्या ना कोणाच्या शेतात आमंत्रण असते. कडब्याची कोप उभी करून आत लक्ष्मी आणि पांडव मांडतात. भज्जी, आंबील, उंडे, गव्हाची खीर असा स्वयंपाक आदल्या रात्रीपासून चाललेला असतो.

बाहेरच्यांना यात जेवणच दिसते, पण माझ्या मते त्यातले खरे काम निराळे आहे. पूजा झाल्यावर घरातला कर्ता माणूस उभ्या पिकातून आंबील शिंपडत शेताला फेरी घालतो आणि मागून पोरे 'ओलगे ओलगे सालम पोलगे' असे ओरडत जातात. या फेरीत ज्वारीला खोडकिडा आहे का, हरभऱ्यावर अळी आहे का, शेजाऱ्याने बांध किती कोरला आणि विहिरीत पाणी किती उरले, हे सगळे नजरेखालून जाते. मुंबईत नोकरी करणारा माझा भाऊ वर्षातून एवढाच एक दिवस शेत पाहतो, पण हद्दीचे दगड त्याला पाठ आहेत. तुम्हाला टिकवायचे असेल तर कार्ये दरवर्षी नव्याने शोधू नका, एक तिथी पक्की करा. वाढदिवस आणि शांती संपतात, तिथी संपत नाही.

चूलबंद
धागा आवडला, येळवसकरांचा प्रतिसाद त्याहून आवडला, पण स्वयंपाकाचा उल्लेख एकाने केलाच नाही आणि दुसऱ्याने एका वाक्यात उरकला आहे, म्हणून लिहिते.

माझ्या सासरी, देवगडकडे, हा प्रकार चार वर्षे झाला. कार्य गावी करायचे म्हणजे पाण्याचा पंप चालू होण्यापासून सुरुवात, बंद घराची सारवण-झाडलोट, पंचवीस माणसांचे घावणे आणि काळ्या वाटाण्याची आमटी आणि दुपारच्या चहापर्यंत पुन्हा भांड्यांचा ढीग. पुरुष मंडळी हद्द पाहून आली, मुले सड्यावर जाऊन आली, आणि आम्ही जावा-नणंदांनी त्या साऱ्या मुक्कामात मागीलदाराच्या पलीकडचे काहीही पाहिले नाही. जमिनीची ओढ लागावी म्हणून हा सगळा खटाटोप असेल, तर घरातल्या अर्ध्या माणसांना ती लागण्याची सोयच त्यात नव्हती. पाचव्या वर्षी आम्ही बायकांनी यायचे नाकारले आणि प्रयोग संपला. कातळवाट, तुमच्याकडे सहस्रचंद्रदर्शनाला चुलीपाशी कोण होते, हे सांगाल का?

खोडसाळ
म्हणजे यापुढे लग्नपत्रिकेवर 'शुभमुहूर्त : ग्रासकटर उपलब्ध होईल त्या दिवशी' असे छापावे लागणार.

गावातलाच
मी लांजा तालुक्यात गावातच राहतो, स्वतःची बाग करतो आणि मुंबई-पुण्याच्या तीन घरांची जमीनही सांभाळतो, त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्या आहेत.

धागाकर्त्यांनी महिने बरोबर हेरले आहेत, हे आधी मान्य करतो. आमच्याकडे बाग जळते ती बहुतेक वेळा शेजारच्या पडीक जमिनीतून आलेल्या आगीने आणि ती पडीक जमीन बहुधा मुंबईकराचीच असते. काजूखाली वाळक्या पाल्याचा थर असतो, त्याला एकदा आग लागली की झाड वाचले तरी पुढची दोन-तीन वर्षे धरत नाही.

पट्टी कशी काढायची ते नीट सांगतो, कारण हौशी माणसे इथेच गडबड करतात. गवत अर्धे पिवळे, अर्धे हिरवे असताना, म्हणजे तुळशीच्या लग्नापासून मार्गशीर्षापर्यंत, हद्दीच्या आतून किमान आठ-दहा हात रुंद गवत कापावे. कापलेले गवत पट्टीतच टाकून ठेवले तर वाळल्यावर ते वातीचे काम करते, म्हणून ते ओढून काढावे लागते. पट्टी जाळून साफ करायची असेल तर तिच्या दोन्ही कडा आधी मातीपर्यंत खरवडून घ्याव्यात, शेजाऱ्याला आदल्या दिवशी कळवावे आणि पहाटेच्या दवात, वारा पडलेला असताना, वाऱ्याच्या उलट दिशेने थोडा थोडा जाळ घालत जावे. प्रत्येक टप्प्यावर ओले डहाळे घेतलेली चार माणसे हवीत आणि एकाच्या पाठीवर फवारणीचा पंप पाण्याने भरलेला हवा. ऊन वर येण्याआधी सगळे विझलेच पाहिजे, कारण दुपारी समुद्रावरून वारा सुटला की मग तुमचे काही चालत नाही. ज्याने हे कधी केले नाही त्याने जाळण्याच्या भानगडीत पडू नये, नुसती कापून ओढलेली पट्टीही पुष्कळ उपयोगी पडते.

आता न पटलेली गोष्ट. कार्याला आलेली माणसे पट्टी काढतात हे ऐकायला छान आहे, पण जमीन दोन दिवसांच्या गर्दीने राखली जात नाही. जानेवारीत मोहोरावर तुडतुडा आला तर दोन दिवसांत फवारणी लागते, माकडांचा कळप आला तर त्या तासाला माणूस लागतो. तेव्हा तुमचे कार्य कुठे असते?

माणदेशी
गावातलाच यांच्या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही, परंतु आमच्या दुष्काळी पट्ट्यात वर्षाचा हिशेबच उलटा आहे आणि तो इथे उपयोगी पडेल. आमच्याकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही लहरीने. जमिनीची कामे, म्हणजे समतल चर, बांधबंदिस्ती, ताली दुरुस्त करणे, विहिरीचा गाळ काढणे, ही सगळी एप्रिल-मे महिन्यांत, पावसाआधी करायची असतात. नेमक्या त्याच वेळी सुट्या असतात आणि लग्नसराईही असते. 2016 ते 2019 या काळात पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेमुळे आमच्या तालुक्यात याची सवयच लागली. लग्नाला आलेली पाहुणे मंडळी सकाळी टिकाव-घमेले घेऊन चर खोदायला माळावर आणि संध्याकाळी मांडवात, असे दृश्य मी स्वतः पाहिले आहे.

तेव्हा कार्य आणि जमीन यांची गाठ घालता येते, फक्त प्रत्येक मुलखाचा महिना निराळा असतो. भटकंतीसाठीही आम्ही कुठे लांब जात नाही. उन्हाळ्यात मुलांना माळावर धाविक पक्षी दाखवतो, चंडोलाचे गाणे ऐकवतो. गेल्या वर्षी नांगरटीच्या वेळी टिटवीची अंडी ढेकळांत दिसली, तेव्हा माझ्या मुलीने त्याभोवती चार दगड मांडले आणि ट्रॅक्टरवाल्याने तेवढा तुकडा वळसा घालून सोडला. चुलत्यांनी त्यावर आठवडाभर टिंगल केली, पण पिल्ले निघाल्यावर पाहायला सर्वांत आधी तेच गेले.

ककणेर
धाग्यात भटकंतीचा उल्लेख आला आहे आणि तो मला 'कार्याला जोडून सहल' एवढ्यावर थांबल्यासारखा वाटतो. कातळशिल्पे पाहायलाच हवीत. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांबीचा आहे आणि कोकणातली कातळशिल्पे 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली, हेही मुलांना सांगावे. पण तुमच्या हद्दीवर जुने रायवळ आंबे आहेत असे तुम्ही लिहिले आहे. ते एकदा फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान नीट पाहिले आहेत का?

मलबारी धनेश, ज्याला आमच्या बाजूला ककणेर म्हणतात, असल्याच जुन्या, पोटात ढोली पडलेल्या झाडांवर घरटे करतो. मादी ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते आणि पिल्ले मोठी होईपर्यंत नर तिला त्या फटीतून उंबर, वड आणि काजऱ्याची फळे भरवत राहतो. घरटे शोधायचे असेल तर वर पाहू नका, खाली पाहा : ढोलीच्या बरोबर खाली बियांचा आणि विष्ठेचा सडा पडलेला असतो आणि पावसानंतर तिथेच रोपे उगवलेली दिसतात. त्याच ढोलीत ती जोडी पुढची अनेक वर्षे येते. घरटे सापडले तर लांबूनच पाहा, खाली मांडी ठोकून बसू नका आणि छायाचित्रासह जागा जाहीर करू नका. माणसे घुटमळताना दिसली की नर भरवायला येत नाही.

धनेशाला ढोली लागते, ढोलीला शंभर वर्षांचे झाड लागते आणि ते झाड ठेवायचे की ठेकेदाराला द्यायचे, हे सातबारावरची अकरा माणसे ठरवतात. त्यामुळे तुमची खरी निसर्गसहल सामाईक खातेदारांच्या बैठकीत असते, असे माझे मत आहे.

माहेरवाशीण
ककणेर यांच्या शेवटच्या वाक्याला जोडून लिहिते. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि त्यासाठी वडील 2005 मध्ये हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. प्रत्यक्षात मात्र बहिणींना गावी बोलावण्याचे एक ठरलेले 'कार्य' असते, ते म्हणजे हक्कसोडपत्रावर सह्या. त्या दिवशी जेवण फार चांगले असते.

आमच्याकडे मी आणि धाकटी बहीण दोघींनी सही केली नाही. पुढच्याच वर्षी उभी झाडे विकत घेणारा एक ठेकेदार आला. आंबा, फणस, किंजळ, ऐन यांसारख्या झाडांना मालकीच्या जमिनीतही तोडीची परवानगी लागते, त्यासाठीच्या संमतिपत्रावर सगळ्या खातेदारांच्या सह्या हव्या होत्या. आम्ही दोघींनी नकार दिला म्हणून वरच्या बाजूची रायवळ झाडे आज उभी आहेत. भाऊ काही महिने बोलत नव्हता. आता तोच पाहुण्यांना ती झाडे दाखवतो आणि त्यांची जात सांगतो.

म्हणून चूलबंद यांच्या प्रश्नात माझाही प्रश्न घालते : तुमच्या अकरा नावांत बायका किती आहेत आणि त्यांपैकी किती जणींना पट्टी कुठून कुठे काढायची हे विचारले होते?

खोडसाळ
धागाकर्ते सध्या सातबारा शोधत असावेत.

कातळवाट (धागाकर्ता)
सातबारा समोर ठेवूनच लिहितो आहे. अकरांपैकी पाच बायका आहेत : दोन आत्या, एक विधवा काकू आणि माझ्या दोन चुलतबहिणी. पट्टीचा मार्ग थोरल्या आत्याने आखला, कारण लग्नाआधी गुरांमागे ती त्याच रानात फिरलेली होती आणि जुन्या गडग्याची (हद्दीच्या दगडी बांधाची) रेघ तिच्याइतकी कोणालाच माहीत नव्हती. जांभ्या दगडाचा तो गडगा बऱ्याच ठिकाणी ढासळून झाडीत दिसेनासा झाला होता. तिने काठीने दाखवत नेले आणि आम्ही कोयत्याने वाट करत तिच्यामागे गेलो.

चुलीबद्दल : सहस्रचंद्रदर्शनाचे जेवण गावातल्या महिला बचत गटाला सांगितले होते. त्याला पैसे पडले, पण पुण्यातल्या कार्यालयाच्या मानाने ते किरकोळ होते. जूनमधल्या मुक्कामात मात्र स्वयंपाक घरीच होता आणि तो बायकांवरच पडला, हे चूलबंद यांनी विचारले नसते तर माझ्या लक्षातही आले नसते. ककणेर, ढोल्या अजून पाहिलेल्या नाहीत, पण आत्याच्या सांगण्यावरून व्हाळाजवळच्या एका आंब्यावर 'गरुड' बसायचे. आमच्याकडे धनेशाला गरुडच म्हणतात.

एडिसनकर
मी न्यू जर्सीत राहतो आणि गुहागरजवळच्या जमिनीचा सहमालक आहे, म्हणजे या चर्चेत ज्याच्यावर टीका होते तोच माणूस. माझे मत इथल्या बहुतेकांहून वेगळे आहे. कार्याच्या निमित्ताने वर्षातून दोनदा गोळा होऊन जमिनीवर प्रेम व्यक्त करण्यापेक्षा सर्व खातेदारांनी वर्गणी काढून एका माणसाला बाराही महिने पगारावर ठेवावे, वर्षाचा आराखडा लिहून द्यावा आणि त्याचा हिशेब मागावा. आम्ही भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र केले आहे, मी दरवर्षी माझा वाटा पाठवतो आणि नाताळच्या सुटीत जमेल तेव्हा जातो. भावनिक ओलावा कमी असेल, पण काजू वेळेवर गोळा होतो आणि बेणणी चुकत नाही. तुमच्या मुलांना पुढे यायचे नसेल तेव्हा तुमची पद्धत कोलमडेल, माझी चालू राहील.

गावातलाच
एडिसनकर, आराखडा लिहून देणारे मालक मी पाहिले आहेत, हिशेब मागणारेही पाहिले आहेत, दोन्ही चांगलेच. पण मी सांभाळतो त्या तीन जमिनींपैकी एका मालकाने गेल्या सहा वर्षांत जागेवर पाऊल टाकलेले नाही. पैसे वेळेवर येतात. तरीही त्या जमिनीवर नवे झाड लागत नाही, कारण 'इथे फणस लावू का' हे मी ज्याला विचारायचे त्याला ती जागा डोळ्यांपुढे येत नाही. फोटो पाठवला तर 'तुम्हाला योग्य वाटेल तसे करा' असे उत्तर येते. दुसऱ्याच्या जमिनीत पन्नास वर्षांचा निर्णय मी कसा घेणार? पगारी माणूस असलेले राखतो, नवे काही उभे करायला मालकच लागतो. माझ्या आधीच्या प्रतिसादाचा रोख एकट्या कार्यावर भागवू नका असा होता, कार्य नको असा नव्हता.

आणि मजुरीबद्दल थोडे : माणसे मिळत नाहीत ही तक्रार सगळेच करतात. आमच्या वाडीत ग्रासकटर चालवणारे दोघेच आहेत, मार्गशीर्षात त्यांच्या तारखा लग्नाच्या बँडसारख्या आधीच भरतात.

कलमवाला
रोपवाटिकेचा व्यवसाय करतो, म्हणून वाढदिवसाच्या लागवडीबद्दल थोडे कडू लिहितो. दर जूनमध्ये माझ्याकडून वाढदिवसासाठी कलमे जातात आणि त्यांपैकी पुष्कळ दुसरा उन्हाळा पाहत नाहीत. खड्डा मे महिन्यातच घेऊन तापू द्यायला हवा, लागवडीच्या दिवशी फोटोसाठी फूटभर उकरून भागत नाही. काजूला सात-सात मीटर अंतर सोडावे. लावल्यावर जोडावरची प्लास्टिकची पट्टी वेळेत सोडावी, काठीचा आधार द्यावा आणि जोडाखालून येणारे फुटवे दर फेरीला खुडावेत, नाहीतर वेंगुर्ला-4 म्हणून नेलेल्या कलमाच्या जागी काही वर्षांनी रानटी खुंट वाढलेला दिसतो. पहिले दोन उन्हाळे पाणी आणि गुरांपासून कुंपण लागते. पावसाळ्यात बुंध्याशी पाला घातला तर उत्तम, पण पाऊस संपल्यावर तो बुंध्यापासून दूर ओढावा, वणव्याचे कारण वर आलेच आहे.

फुटवे खुडणे हे मुलांचे काम आहे. जोड कुठे आहे ते एकदा बोट लावून दाखवले की सात-आठ वर्षांचे मूलही ते अचूक करते. ते मोठ्यांवर सोपवले तर 'चांगला फुटला आहे, राहू दे' म्हणून ठेवतात.

चूलबंद
कलमवाला यांच्या शेवटच्या दोन वाक्यांना शंभर टक्के अनुमोदन. कातळवाट यांचे उत्तरही प्रामाणिक वाटले. बचत गटाची युक्ती मी सासरी कळवली आहे. 'आपल्या घरात बाहेरचा स्वयंपाक कसा चालेल' असे उत्तर आले आहे, चर्चा चालू आहे.

म्हापशेकर
अवांतर होईल, पण जूनमध्ये कार्य म्हटल्यावर राहवले नाही. आमच्या गोव्यात 24 जूनला सांजांव असते, गावचे लोक डोक्यावर फुलापानांचे कोपेल घालून विहिरींत उड्या मारतात आणि नव्या जावयाला त्या दिवशी सासुरवाडीत मोठा मान असतो. भर पावसात जावयाला गावी आणण्याची पद्धत आम्ही आधीच सिद्ध केलेली आहे, तुम्ही फक्त त्याच्या हातात कुदळ द्या.

खोडसाळ
आमचे जावई रेंज नाही म्हटल्यावर आपणहून विहिरीत उडी मारतील.

येळवसकर
हसून झाले असेल तर मूळ प्रश्नाकडे येऊ. एडिसनकर म्हणतात मुले येणार नाहीत, गावातलाच म्हणतात एकटे कार्य पुरणार नाही, आणि माझ्या मते तिथी ठरवली नाही तर तिसऱ्या वर्षी कोणाला तरी कंपनीचे काम निघेल. कातळवाट, येत्या वर्षाचे तुम्ही काय ठरवले आहे ते तरी सांगा, म्हणजे आम्हाला हवेत बोलावे लागणार नाही.

कातळवाट (धागाकर्ता)
काल रात्री चार घरांचे फोनवर बोलणे झाले, त्यात तुमचे बरेच प्रतिसाद मी वाचून दाखवले. ठरले ते असे.

एडिसनकरांचे म्हणणे अर्धे मान्य झाले. शेजारच्या वाडीतल्या एका जाणत्या माणसाशी वर्षाचा करार करून फवारणी, राखण आणि काजू गोळा करण्याची कामे त्याच्याकडे द्यायची, वर्गणी खात्यावरील हिश्शाप्रमाणे काढायची. झाडे लावणे किंवा तोडणे, मळ्यात काय घ्यायचे आणि पाण्याची जागा, हे निर्णय मात्र जागेवर जाऊनच आणि अकराही नावांना विचारून घ्यायचे. त्यासाठी येळवसकरांच्या म्हणण्याप्रमाणे तिथी पक्की केली : मार्गशीर्षातला शेवटचा रविवार आणि त्याआधीचे दोन दिवस. कोणाची शांत, बारसे, साखरपुडा त्या सुमारास येत असेल तर तिथेच करायचे, नसेल तरी जायचे. नुसते हद्द फिरायला आणि पट्टी काढायला. त्या मुक्कामात आणि जूनमध्ये स्वयंपाक बाहेरून येईल, यावर सर्वांत आधी हात वर केला तो काकूने.

जूनचा मुक्काम सक्तीचा ठेवलेला नाही. ज्यांना जमेल त्यांनी यायचे, कारण पावसात म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात आणि गेल्या वर्षी वीज जाऊन पंप बंद पडल्यावर लहान मुलीच्या आईला फार त्रास झाला. लावलेल्या कलमांपैकी जी मेली त्यांच्या जागा भरायच्या, नवी लागवड वाढवायची नाही. मार्चमध्ये मी आणि दोन्ही मुले व्हाळाजवळचा आंबा पाहून येणार आहोत, काही दिसले तर ककणेर यांना व्यक्तिगत निरोपातून कळवीन, इथे नाही.

एक पेच सुटलेला नाही. चुलतबहिणीचे लग्न ठरते आहे आणि मुलाकडच्यांना तुळशीच्या लग्नानंतरचा पहिलाच मुहूर्त हवा आहे, तोही मुंबईत. म्हणजे पट्टीच्या ऐन दिवसांत चारही घरांचे पैसे आणि रजा लग्नात संपणार.

माहेरवाशीण
बहिणीचे नाव सातबारावर आहे ना? मग लग्नाआधी तिला एकदा हद्द दाखवून आणा आणि लग्नानंतर ती मार्गशीर्षात नवऱ्याला घेऊन येणार का, हे तिलाच विचारा. मुलाकडच्यांना विचारण्याची ही गोष्ट नाही.

गावातलाच
लग्न कुठेही होऊ दे, ग्रासकटरवाल्याला गणपतीतच तारीख सांगून ठेवा आणि थोडे आगाऊ पैसे द्या. आणि पट्टी काढण्याआधी वरच्या अंगाच्या शेजाऱ्याशी बोला. त्याने त्याच्या बाजूने कापले तर तुमचे काम निम्म्यावर येईल. तो मुंबईला असतो म्हणालात तर त्याचा नंबर गावात कोणाकडे तरी असतोच.

कातळवाट (धागाकर्ता)
वरच्या अंगाचा शेजारी अंधेरीला असतो. नंबर आत्याकडे आहे, आज संध्याकाळी फोन करतो.